चार तुकड्यांची कादंबरी

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षं, पण अंगावरचे डाग बघाल तर मला म्हातारी म्हणाल. मी एक विज्ञान कादंबरी. मालिकेतली तिसरी. दुसरीच्या शेवटी यानाचं दार उघडतं आणि यान चालवणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ अंतराळात ओढला जातो. तो जगला की मेला, ते माझ्या पोटात आहे. म्हणून नंदनवन वस्तीच्या वाचनालयात मी आले त्या दिवशीच पोरींनी माझ्यावर झडप घातली.

प्रत एकच. "बाई, ही नंदिनी मुद्दाम हळू वाचून राहिली!" मयुरा रडकुंडीला आली. वाचनालय सांभाळणाऱ्या सत्यवतीबाईंनी ब्लेड घेतलं, माझे चार तुकडे केले, गोधडीच्या दोऱ्याने शिवले आणि म्हणाल्या, "घ्या. आता डोकं नका खाऊ माझं."

दुखलं? असेल. पण मग मी काय धावले! एक तुकडा जिन्यात, एक सायकलच्या टोपलीत, एक वरणभाताच्या ताटाशेजारी. पोरी एकमेकींच्या फाटकाशी उभ्या राहून ओरडत, "झालं का वं? दे ना लवकर!"

मयुराचा नंबर शेवटचा. तिचे तीन तुकडे वाचून झाले, चौथा नंदिनीकडे. "सांगू का वं, भाऊ जिता हाय का मेला?" नंदिनी चिडवायची.

मयुरा कानांत बोटं घालायची. "चूप बैस! मले वाचू दे!"

तेवढ्यात अध्यक्ष गोपाळरावांच्या नजरेस मी पडले. "पुस्तकाले कापलं काहून? लाज नाही वाटत?" त्यांनी चारही तुकडे जमा केले, जाड काळं बाइंडिंग करवलं, मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. पाहुणे येतात, म्हणतात, "वा, काय जपलंय!" जपलंय म्हणे! गोपाळरावांनी माझं एकही पान वाचलेलं नाही.

मयुरा त्यांच्याकडे गेली. "काका, इथंच बसून वाचते ना."

"परत फाडाचं हाय का? काचेतून पाह्य."

ती येऊन काचेतून पाहायची. मग एका संध्याकाळी कपाटासमोरच नंदिनीला म्हणाली, "सांग."

नंदिनीला आता चिडवता येईना. "जिता हाय," ती हळूच म्हणाली.

माझी शेवटची साठ पानं दोन शब्दांत संपली. मयुराने मान हलवली आणि निघून गेली. परत आली नाही.

मित्रांनो, पुस्तकं जरूर जपा. पण ज्याला पुढचं पान हवंय त्याच्या हाती ते पडू द्या. बाकीची सगळी जपणूक वाळवीसाठी.