सत्ताविसावी थैली

आमच्या कार्यालयात नियमांना फार मान. इतका, की ते काचेत मढवून भिंतीवर टांगले आहेत, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको.

मतदान यंत्रातले आकडे मोजणीच्या खोलीत आणायची रीत साधी आहे. केंद्रावर यंत्रातून कार्ड काढायचं, थैलीत घालून तिला क्रमांकाचं सील लावायचं. इथे आम्ही दोघांनी ते सील तपासायचं, पत्रकावर 'सील शाबूत' म्हणून सह्या करायच्या, आणि मगच कार्ड संगणकात घालायचं. त्या संगणकाला बाहेरची एक तारसुद्धा जोडलेली नसते. एवढ्या काळजीवर बोळा फिरवायची युक्ती काढली ती आमच्या हेडक्लार्कनी, ज्यांना सगळे नियमकाका म्हणतात. सकाळच्या चहाबरोबरच चाळीस केंद्रांच्या चाळीसही पत्रकांवर सह्या करून टाकायच्या. नंतरच्या घाईत कोण सह्या करत बसणार? दुसरी सही माझी. मी सहा वर्षं कंत्राटावर काढली होती आणि मला कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर होती. निमूटपणे चाळीस सह्या ठोकल्या.

दुपारी तीनच्या सुमाराला सत्ताविसावी थैली आली. तिला सील नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, गाडीच्या दारात अडकून तुटलं, आणि त्याने खिशातून एक तुकडा काढून दाखवला. त्यावर क्रमांकाचे निम्मेच आकडे होते. खरंही असेल. माणूस लबाड वाटत नव्हता. पण अशा वेळी काय करायचं तेही काचेमागे लिहिलेलं होतं: कार्ड बाजूला ठेवायचं, गोदामातून ते यंत्रच मागवायचं आणि सगळ्यांसमोर त्यातून आकडे काढायचे. फार तर दोन तासांचं काम.

नियमकाकांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. सह्या झाल्यात ना, मग घाला कार्ड, साहेब म्हणाले. मी म्हटलं, यंत्र मागवू या.

"मागवा की," साहेब आवाज न चढवता म्हणाले. "मग सील न पाहता सही कुणी केली, तेही लिहावं लागेल. आणि एक न पाहता केली, तर बाकीच्या एकोणचाळीसांचं काय?"

नियमकाका खिडकीबाहेर बघत बसले, जसं काही सह्यांचा आणि त्यांचा संबंधच नाही. मला दोघांची शिसारी आली. तरी कार्ड मीच घातलं.

बेरीज झाली तेव्हा फरक निघाला एकोणीस मतांचा, आणि पारडं फिरवलं होतं ते सत्ताविसाव्या केंद्राने. हरलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. दिवसभर जाळीपलीकडे बसून त्या प्रत्येक आकडा वहीत उतरवत होत्या. सील काही तिथून दिसत नाही. आता त्यांच्यासोबतचा कार्यकर्ता तावातावाने म्हणत होता की निकालपत्रावर सही करू नका, यंत्र उघडायला लावा. बाईंनी सत्ताविसावं पत्रक मागवलं. चष्मा पुसून सावकाश वाचलं. मग साहेबांना नाही, मला विचारलं,

"ही सही तुमची? सील तुम्ही स्वतः पाहिलंत?"

साहेब समोरच्या फायली चाळत होते. ड्रायव्हर कधीच निघून गेला होता. एक 'नाही' म्हटलं असतं तर दोन तासांत यंत्र आलं असतं आणि खरं काय ते सगळ्यांना कळलं असतं.

"पाहिलं," मी म्हणालो.

बाई कार्यकर्त्याकडे वळल्या. "मग झालं तर. हे म्हणतायत ना."

त्यांनी निकालपत्रावर वळणदार अक्षरात सही केली, खाली तारीख घातली आणि वही पिशवीत ठेवली. जाताना मला म्हणाल्या, सकाळपासून उभे आहात, आता दोन घास खाऊन घ्या.