पवनचक्की नदीच्या डाव्या काठाला

"पहिला भाग तो पहिला भाग!" चष्मेवाला म्हणायचा, आणि गिऱ्हाईकाच्या नाकावरची फ्रेम तशीच लोंबकळत राहायची. गिऱ्हाईक लांबचं बघायला आलेलं असो की जवळचं, 'सात खोरी' या व्हिडिओ गेमचा साद्यंत इतिहास ऐकल्याशिवाय त्याला नंबर मिळत नसे.

"तेव्हा खेळात नकाशा नव्हता हो. बाण नव्हते. आपला गडी तलवार घेऊन गावाबाहेर पडला की पडला. मी चौकटीच्या वहीत स्वतः नकाशा काढलाय, एकशे चाळीस पानं! आणि खेळ अवघड किती? उजवं बटण दाबलं की गडी डावीकडे जायचा. सहा महिने मी नुसता नदीत पडत होतो. दुसऱ्या भागात काय, उजवं दाबा, उजवीकडे जा. पार बाळबोध करून टाकला!"

गिऱ्हाईक मान डोलवायचं. चष्मेवाल्याच्या थापा गल्लीला पाठ होत्या. एका आजोबांना त्याने म्हणे इतका नेमका नंबर काढून दिला, की त्यांना पुढच्या आठवड्यातला मंगळवार दिसायला लागला. तिथे बटणाचं काय घेऊन बसायचं?

मनावर घेतलं ते एकट्या टेलर मास्तरने. त्याचं दुकान बरोबर समोर. दोघांनी पहिला भाग आपापल्या दुकानात खेळून संपवला होता आणि रोज दुपारी त्यावर चहासोबत वाद घातला होता. अकरा वर्षांपूर्वी दुसरा भाग आला. चष्मेवाल्याने तो घरी, हॉलमधल्या नव्या टीव्हीवर लावला. पहिल्याच दृश्यात गड्याचं गाव: नदी, पूल आणि पवनचक्की.

"पवनचक्की उजव्या काठाला नेली!" चष्मेवाला दुसऱ्या दिवशी मास्तरवर ओरडला. "सगळं गाव उलटं केलं मेल्यांनी!"

"उजवीकडेच होती की पहिल्यापासून," मास्तर दातात टाचणी धरून म्हणाला.

"माझ्या वहीत डावीकडे आहे."

"मग वही चुकली असेल तुझी."

झालं. चष्मेवाल्याला काहीही म्हणा, त्याच्या वहीला म्हणायचं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

हाल दोघांचेही झाले. चष्मेवाल्याने पँट दुसरीकडे शिवली. तिचा एक पाय इतका लांब, की सपाट रस्त्यावरही तो जिना उतरतोय असं वाटायचं. मास्तरने चष्मा भलतीकडून आणला, आणि त्यातून बघून शिवलेल्या शर्टांचे खिसे वर्षाला एक इंच या वेगाने पाठीकडे सरकायला लागले. तरी चष्मेवाला थर्मासात चहा अजून दोन कपांचाच आणायचा. दुसरा कप भरून काउंटरवर ठेवायचा, रस्त्यापलीकडे बघायचा, आणि गार झाला की मोरीत ओतायचा.

"बाबा, सरळ जा आणि बोला ना त्यांच्याशी," सून म्हणायची. दुकानाचं अर्धं काम आता तीच बघत होती.

"जातो. त्याने आधी वहीची माफी मागावी."

मग तिसरा भाग आला. सून तो लॅपटॉपवर घेऊन आली. "यात जमिनीवर सोनेरी रेघ असते बाबा. तिच्यावरून चालायचं, वाट चुकत नाही. आणि घोड्याला आंघोळ घालता येते."

"आंघोळ! पहिल्या भागात घोडा मरायचा. दोन दिवस जेवण जात नव्हतं मला. आता काय, साबण लावायचा?"

"ऐका तर. यात गड्याची नात त्या जुन्या गावात परत येते. पहिल्या भागातलं गाव, जसंच्या तसं."

चष्मेवाल्याच्या हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "जसंच्या तसं? जा, सांग त्या सुईदोऱ्याला. दुपारी दुकान बंद ठेवून समोरासमोर बघू. जो चुकला त्याने गल्लीच्या मधोमध उभं राहून ओरडायचं, मी चुकलो म्हणून."

सून रस्ता ओलांडून गेली आणि परत आली. "मास्तरकाका म्हणाले, घसा शेकून ठेवा."

दुपारी एक वाजता मास्तर अकरा वर्षांनी दुकानात शिरला, गळ्यात टेप तशीच. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. सुनेने खेळ सुरू केला. नात टेकडीवर आली. खाली नदी, पूल, आणि उजव्या काठाला पवनचक्की, झोकात फिरत होती.

"बोल," मास्तर म्हणाला.

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "दुसऱ्या भागातली चूक यांनी पुढे रेटली! पहिला भाग बघू. मूळ पुरावा!"

मूळ पुरावा तपासणीच्या खोलीत होता. खोली दहा फुटांची, आणि नजर तपासायला अंतर लागतं वीस फूट. म्हणून खुर्चीच्या मागे अक्षरांचा तक्ता आणि समोर आरसा, अशी सोय. जुना टीव्हीही मागेच, तक्त्याखाली. डोळ्यांच्या धंद्यातल्या माणसाने टीव्ही जवळून बघायचा नाही, या तत्त्वाने चष्मेवाल्याने पहिला भाग त्या खुर्चीत बसून खेळला होता, बटणांच्या रिमोटची वायर खांद्यावरून पुढे घेऊन. आरशासाठी तक्ता उलट्या अक्षरांचा. तो हाताळून हाताळून त्याला उलटं काय, सुलटं काय, सारखंच वाचता यायचं. आणि त्या आरशात इतकी वर्षं बघितलेलं, की तिथे आरसा आहे हेच तो विसरला होता.

तो खुर्चीत बसला. सुनेने मागे जाऊन टीव्ही लावला.

"बघा!" चष्मेवाला गरजला. "डावीकडे!"

"उजवीकडे आहे बाबा," मागून सून म्हणाली.

"आंधळी आहेस का? डावीकडे!"

मास्तर दारात उभा होता. त्याने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा आरशाकडे. त्याचं पोट हलायला लागलं. "भिंगोबा," तो म्हणाला, "ट्रायल देताना गिऱ्हाईक मला आरशात बघून सांगतं, डावी बाही लांब झालीय. मी गुपचूप उजवी कापतो."

चष्मेवाल्याने मागे वळून टीव्ही बघितला. मग आरसा. मग वही उघडली, आरशासमोर धरली, आणि एकशे चाळीस पानांची सात खोरी जिथल्या तिथे जाऊन बसली.

तो उठला. एक पाय खाली, एक पाय वर, असा गल्लीच्या मधोमध गेला. "मी चुकलो!" तो ओरडला. फळवाला, किल्लीवाला, सगळे बाहेर आले. "पवनचक्की उजवीकडे होती! अकरा वर्षं मी चुकत होतो!"

परत आला तर खुर्चीत मास्तर. खांद्यावरून वायर, नजर आरशात. त्याने उजवं बटण दाबलं. गडी डावीकडे गेला आणि थेट नदीत पडला. परत दाबलं, परत पडला. चौथ्यांदा पडल्यावर मास्तरने कपाळावरचा घाम पुसला.

"तू हा असा संपवलास? पूर्ण?"

"घोड्यासकट," चष्मेवाला म्हणाला.

"मग पहिला भागच अवघड बाबा. मी आपला सरळच खेळलो."

चष्मेवाल्याने थर्मास उघडला आणि दोन्ही कप भरले. "आधी तुझा नंबर काढतो. पूल पलीकडे आहे आणि तू सरळ नदीत चालतोयस."

"आणि मी तुझ्या पँटचं माप घेतो. बघवत नाही."

"सूनबाई," चष्मेवाला हळूच म्हणाला, "तो लॅपटॉप जरा इथे मागे ठेव बघू. त्या सोनेरी रेघेवरून उलटं चालता येतं का, बघतो."