सहीविना बंद

चालू महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, आरोग्य विभागाच्या मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, प्रणाली अभियंत्याची विभागीय चौकशी ठेवण्यात आली होती. आरोप एकच होता: सर्व सरकारी रुग्णालयांची संगणक प्रणाली त्याने परवानगीवाचून दिवसभर बंद ठेवली. आरोप जसाच्या तसा शाबीत झाला, तर बडतर्फी ठरलेली होती.

बाहेरच्या बाकावर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, रजा काढून सोबतीला बसला होता. संगणकाचेच काम तो एका खाजगी कंपनीत करी.

“दाजी, आमच्याकडे असतात ना, तर त्याच संध्याकाळी निकाल. एकतर शाबासकी, नाहीतर सामानाचा खोका हातात. इथे आपलं सहा महिने भिजत घोंगडं!”

“तुमच्याकडे अख्खी तुकडी एका मेलवर घरी गेली. इथे मला काढायचं तर आधी मला विचारावं लागतं.”

“विचारताहेत ना आता? मग आत एकच वाक्य बोला. चुकलो, पुन्हा होणार नाही. ताईला शब्द देऊन आलोय मी. तुमची तत्त्वं आजच्या दिवस इथे बाकावर ठेवा, मी सांभाळतो.”

अभियंता हसला नाही. कंपनी सोडून तो इथे आला तेव्हा पगार निम्म्यावर आला होता. यंत्रे जुनी, बढती ज्येष्ठतेच्या रांगेने, आणि साधी केबल बदलायची तरी कागद चार टेबलांची प्रदक्षिणा करून येई. हे सारे त्याने पत्करले ते दोन गोष्टींसाठी: नोकरीची शाश्वती, आणि आपल्या हातचे काम गरिबातल्या गरीब रुग्णापर्यंत पोहोचते हे समाधान. आज पहिली गोष्ट पणाला लागली होती, आणि तीही दुसरीपायी.

शिपायाने आत बोलावले. मेजामागे चौकशी अधिकारी बाई होत्या. शेजारी विभागप्रमुख, म्हणजे खुद्द तक्रारदार.

“बंद का केलीत?” बाईंनी विचारले.

“ठेकेदार कंपनीने प्रणालीसाठी पाठवलेला बदल सकाळी चढवला, मॅडम, आणि नोंदी सरकल्या. एका रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या नावापुढे दिसायला लागली. एका बाईंना पेनिसिलिन चालत नाही. त्यांच्यापुढे दिसत होतं, ‘कसलीही ॲलर्जी नाही’. म्हणून बंद केली, आणि नोंदी जागेवर आणेपर्यंत संध्याकाळ झाली.”

“परवानगी?”

“साहेबांना सतत फोन लावत होतो. बंद होता.”

“मी बैठकीत होतो!” विभागप्रमुख उसळले. “तासाभरात लागला असता. एवढी काय आग लागली होती?”

“तासभर थांबला असतात तर काय झालं असतं?” बाईंनी विचारले.

“सांगता येत नाही.”

“त्या बाईंना इंजेक्शन दिलं गेलं?”

“नाही.”

“दुसऱ्या कुणाला इजा?”

“कुणालाच नाही.”

“हेच तर म्हणतोय मी!” विभागप्रमुखांनी मेजावर हात आपटला. “नुकसान झालं ते यांच्यामुळे. आजारी माणसं दिवसभर रांगेत उभी. दुसरं नुकसान दाखवा, मी तक्रार मागे घेतो.”

जे टळले त्याचा साक्षीदार अभियंत्याने आणायचा कुठून? त्याने टाळले नसते, तर पुरावा आपोआप तयार झाला असता. आणि तो पुरावा अंथरुणावर पडलेला असता.

बाईंनी चष्मा काढला. “उद्या पुन्हा असंच दिसलं, तर काय कराल?”

मेहुण्याने दिलेले वाक्य जिभेवर आले. बायकोचा सकाळचा चेहराही आठवला.

“आधी साहेबांना फोन करीन.”

“लागला नाही तर?”

“बंद करीन, मॅडम.”

“ऐकलंत?” विभागप्रमुख म्हणाले. “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. लघुलेखकाला खूण करून त्या सावकाश सांगू लागल्या:

“अधिकार नसताना प्रणाली बंद केली, हे सिद्ध. रुग्णांना धोका होता, हेही सिद्ध. दोन वेतनवाढी बंद, बढतीसाठी यंदा विचार नाही. नोकरीवर कायम.”