न साळलेली शिंगं

परतूरच्या बैलबाजारात पुंजारामची नजर म्हणजे वजनकाटा. दलाली करता करता बैलाचं वय, दुखणं आणि मालकाची अडचण, तिन्ही तो एका नजरेत जोखायचा. म्हणूनच टपालवाला तार देऊन गेला तेव्हा लेकाचं तोंड त्याने लगेच वाचलं. बद्रीनाथ भ्याला होता.

बद्रीनाथ लढाऊ जहाजावर मशिनी सांभाळायचा. कारगिलला लढाई पेटली आणि त्याची सुट्टी मधेच तुटली.

पुंजारामने आधी थट्टा करून पाहिली. लढाई बर्फाच्या डोंगरात, मग तुमचं जहाज काय घाट चढणार का, असं विचारलं. दशम्या बांधता बांधता बद्रीनाथची आई द्वारकाबाई हसली. लेक हसला नाही. तो उठून गोठ्यात गेला, तसा बापही मागोमाग गेला.

दावणीला ढवळ्या मान वाकडी करून उभा होता. कितीक दिवस डोकं झटकत होता. माशा बसतात, म्हणून पुंजारामने विषय मिटवला होता. दुसऱ्याचा बैल असता, तर याच खोडीवर त्याने भाव निम्म्याने पाडला असता.

बद्रीनाथने शिंगावर हात फिरवत बापाला विचारलं, "दादा, मागल्या पोळ्याला शिंगं साळल्ती का?"

"जुना रंग खरवडून साळायचं राह्यलं. पण रंग झकास दिल्ता की."

"आमच्या जहाजाचं बी तसंच हाय."

मग तो हळूहळू बोलत गेला. बडे साहेब पाहणीला येणार म्हटलं की सगळं जहाज रंगवायचं. गंज खरवडायला सवड नाही, म्हणून गंजावरच रंग. आग विझवायचे पंप दोन. एकाचे भाग काढून दुसऱ्या जहाजाला दिलेले, दुसऱ्याची पाणी सोडायची चक्की रंगानेच चिकटून बसलेली. लोखंडी दारांच्या कडेला धूर-पाणी अडवणारं रबर असतं. रंगाच्या थरांनी त्याचा दगड झालेला. दार लागतं, पण घट्ट बसत नाही. त्याने वर सांगितलं, तर गोदीत गेल्यावर पाहू म्हणाले. साहेब आले आणि चकाकी पाहून खूश होऊन गेले.

"एक गोळा बसू दे, दादा. जहाज फुटायची बी गरज न्हाई. आग लागली तरी पुरे. आम्ही खाली असतो, अन् दार लावलं तरी धूर आत येणार."

पुंजाराम म्हणाला, जाऊ नको, ओळखीच्या डॉक्टरकडून तापाचा दाखला आणतो.

"मंग ती चक्की कोण फिरवील? माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी पोरगंच उभं करतील ना."

कुडात खोचलेली कानस पुंजारामने ओढून काढली आणि लेकाच्या पिशवीत घातली.

"कुणाला इचारत बसू नको. गेल्या गेल्या पहिला रंग काढ. वंगाळ दिसलं तर दिसू दे."

स्टेशनावरून लेकाची गाडी गेली. घरी येऊन पुंजारामने कपडेही बदलले नाहीत. विळा घेतला, ढवळ्याचं शिंग धरलं आणि साळायला बसला. निळा रंग निघाला. त्याखाली हिरवा, त्याखाली हिंगुळाचा लाल. एव्हाना गाडी जालन्याला लागली असेल, असं त्याच्या मनात आलं. आता शिंग लागायला हवं होतं. विळा मऊ पडलेल्या शिंगातच रुतला आणि सडका वास आला.

ओट्यावरून द्वारकाबाईने विचारलं, आल्या आल्या हे काय काढलंत, बैलाला काही झालंय का?

"काही न्हाई," तो म्हणाला. "रंग काढून राह्यलो."