पाण्याकडची बाजू

भाचीने पाणकोंबडीला माउसने धरलं, ओढत ओढत पडद्याच्या उजव्या कडेला नेलं आणि सोडून दिलं.

"अजून जरा खाली," काका म्हणाले. "लव्हाळ्यात राहते ती. एवढ्या उघड्यावर येत नाही, लाजाळू आहे."

भाचीने पाणकोंबडी बोटभर खाली सरकवली. मग टिटवीला खालच्या माळावर सोडलं, खंड्याला वरच्या कोपऱ्यातल्या झाडावर बसवलं. पडदा निळा होता आणि त्याच्या चारी कडांना पिवळी चित्रं बसत चालली होती. प्रत्येक चित्राखाली एका पक्ष्याचं नाव, आणि चित्रावर टिचकी मारली की त्याचा आवाज. जन्मभर रेडिओसाठी ध्वनिमुद्रण केलेल्या काकांनी निवृत्तीनंतर हा उद्योग काढला होता. घरामागच्या तळ्यावर रोज पहाटे जायचं, टोपीच्या दोन्ही बाजूंना कानांवर शिवलेल्या मटाराएवढ्या माइकांत जे सापडेल ते पकडायचं आणि घरी येऊन या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायचं. तेही ज्याची जागा जिथे, तिथे. कडा म्हणजे काठ, मधला निळा भाग म्हणजे तळं.

आणि रोज सकाळी हे सगळे पक्षी आपापला काठ सोडून डावीकडे, तिकिटाच्या रांगेत उभे राहिल्यासारखे, एकाखाली एक उभे असत.

"कुणी हात लावत नाही," काका म्हणाले. "रात्री मी स्वतः मशीन बंद करतो. सकाळी फिरून येऊन बघतो, तर ही कवायत. काय शास्त्रीणबाई, पदवीत हा धडा होता का?"

"होता. परीक्षेला आला नाही, म्हणून वाचला नाही."

काका हसले. बोलताना ते तिच्या तोंडाकडे नाही, तर कानाकडे बघत होते. जन्मभर आवाज ऐकलेल्या माणसाची खोड असेल, असं तिला वाटलं.

तिला इथे धाडलं होतं ते दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने. फोनवर तो घाईत होता, पण शब्द मोजून बोलला होता. "एवढंच बघ, कॉम्प्युटर बिघडलाय की बाबा. चित्रं आपोआप हलतात म्हणे. मागे म्हणाले, दाराची चौकट पाण्यात बघितल्यासारखी हलते. कॉम्प्युटर असेल तर नवा घेऊन देतो. बाबा असतील, तर रविवारी गाडी घेऊन येतो आणि दोघांना इकडेच आणतो. खोली तयार आहे." ती खोली भाचीने पाहिली होती. छान होती, खूप उंचावर होती आणि तिच्या काचा उघडत नव्हत्या.

म्हणून ती आता आपल्या मावशीच्या घरी, मावशीच्या यजमानांशेजारी स्टुलावर बसून संशयिताची उलटतपासणी घेत होती. चित्रं आपोआप रांगेत लावण्याची खूण बंद होती. व्हायरस नव्हता. ग्राफिक कार्ड मात्र जुनं होतं, त्याचा मूळ प्रोग्रॅम कुणीतरी कधीतरी पुसला होता. तिने तेवढी नोंद मनात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. आज ती काहीच बदलणार नव्हती. तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला.

फोटो नीट बघताना एक गोष्ट खटकली.

"काका, पाणकावळा चुकला. तो तर तळ्याच्या मधल्या खडकावर पंख वाळवत बसतो ना? तुम्ही त्याला पार कोपऱ्यात बसवलंय."

काकांनी मान जरा वळवली, पडद्याकडे तिरकं पाहिलं.

"उडाला असेल," ते म्हणाले आणि मशीन बंद केलं.

पहाटे तिला जाग आली ती पंख्याच्या घरघरीने. छताचा पंखा नव्हे, कॉम्प्युटरचा. ती अनवाणी बाहेर आली. खिडकीबाहेर तळं नव्हतंच, नुसतं धुकं होतं, आणि ते धुकं काचेतून आत आल्यासारखी सगळी खोली निळसर झाली होती. त्या उजेडात मावशी खुर्चीच्या टोकावर बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि माउस असा धरलेला, की तो आत्ता फडफडून सुटेल. ती ओठ हलवत पायऱ्या आठवत होती. इथे दाबायचं, मग इथे, मग ही पट्टी खाली ओढायची.

पडदा क्षणभर काळा झाला. उजळला तेव्हा अक्षरं दुप्पट झाली होती, आणि काठावरचे सगळे पक्षी एकदम उडून डावीकडे येऊन बसले होते.

"मावशी."

मावशी इतकी दचकली की चष्मा मांडीवर पडला.

"अग बाई! खोकून तरी यावं माणसाने."

"हे काय करतेस?"

"गरम करते मशीन. थंडीत अडतं ते."

मावशीने चष्मा पदराला पुसला, घातला, परत काढला.

"अक्षरं मोठी करते," ती हळूच म्हणाली. "कोपऱ्यावरच्या क्लासवाल्याकडून शिकून आले. रोज करावं लागतं. रात्री बंद केलं की सकाळी विसरतं मेलं, परत बारीक अक्षरं. ते उठायच्या आत करून ठेवते."

"काकांना दिसत नाही?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं." मावशीने स्वतःच्या चेहऱ्यासमोर मूठ धरून दाखवली. "जेवताना समोरचा पेला सापडत नव्हता, आणि टेबलाच्या टोकाला ठेवलेली मिठाची बाटली बरोबर उचलायचे. तेव्हा कळलं मला. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. वाटू दे."

"पण का?"

"कळलं की घरी बसतील. म्हणतील, हिला पाण्याची भीती, हिला कशाला रोज तळ्याच्या बांधावर ओढू. आता मी सांगितलंय, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणून मी त्यांच्याबरोबर जाते. ते मला सोबत देतात, समजलीस?"

भाचीला हसू आलं. मावशीची पाण्याची भीती सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. आंघोळीची बादलीसुद्धा ती अर्धीच भरते, असं सगळे चिडवत.

"आणि ही चित्रं हलतात म्हणाले ना ते," मावशीचा आवाज उतरला, "तेव्हा मी घाबरलेच. चौकट हलते म्हणायचे ते डोळ्यांचं, ते मी समजू शकते. पण चित्रं उठून चालायला लागली म्हणजे…" तिने बोट कपाळाला टेकवलं, आणि लगेच काढून घेतलं.

"मावशी, चित्रं खरंच हलतात. आत्ता हलली. तू अक्षरं मोठी केलीस की पडद्याचं माप बदलतं. कडेच्या जागाच उरत नाहीत, मग ती जिथे मावतील तिथे जातात."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिच्यासाठी ते सगळे सारखेच पिवळे चौकोन होते.

"म्हणजे मीच?" ती म्हणाली. "रोज मीच विस्कटत होते?" आणि मग, चेहरा पुरता पडायच्या आत, तो हळूहळू उजळला. "म्हणजे त्यांच्या डोक्यात काही नाही."

"काही नाही."

आतून काकांच्या खोकल्याचा आवाज आला. मावशी झटकन उठली आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने स्वयंपाकघरात गेली.

दोघं फिरायला गेल्यावर भाची एकटीच पडद्यासमोर बसली. कालचा फोटो तिने फोनवर उघडला. चारी कडांना पक्षी, मधे निळं. काल तिने ते तळं म्हणून मान्य केलं होतं. आता ती जागा बघताना तिला काकांच्या डोळ्यांतून बघितल्यासारखं झालं. नजर जिथे टेकवावी तिथून जग बाजूला सरत होतं आणि फक्त काठ उरत होता. पाणकावळ्याला खडकावर ठेवलं असतं, तर काका त्याला परत कधी शोधू शकले नसते. आणि तिच्या कानाकडे बघून ते बोलत होते, कारण तसं बघितलं तरच तिचा चेहरा दिसत होता.

धुकं विरत आलं तेव्हा दोघं परतली. मावशी आंघोळीला गेली. काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, डावीकडच्या रांगेकडे तिरकं पाहिलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"हललेत ना?" त्यांनी विचारलं. आवाज हलका ठेवायचा प्रयत्न केला होता, पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता.

"हललेत. मीही पाहिलं."

खुर्चीवरचा हात सैल झाला.

"कारण सापडलं," ती म्हणाली. "अक्षरं मोठी झाली की चित्रं ढकलली जातात. जुन्या कार्डामुळे रोज नव्याने होतं."

"अक्षरं मोठी कोण करतं?"

भाचीने माउसची वायर सरळ केली. ती सरळच होती.

"मशीन."

"अस्सं. हुशार आहे मशीन." काका खुर्चीवर बसले. त्यांनी रेकॉर्डर जोडला, बोटांनी चाचपून हेडफोन उचलला आणि तिच्या पुढे धरला. "हे ऐक. आजचंच आहे. पक्षी सोड, खालचं ऐक."

तिने हेडफोन लावला आणि डोळे मिटले. प्रथम नुसती हवा. मग दूर कुठेतरी टिबुकली खळखळून हसल्यासारखी ओरडली. उजव्या कानात पाणी काठाला हळूहळू चाटत होतं. आणि त्या पाण्याच्या जरा अलीकडे, उजव्याच कानात, चप्पल. सपक, सपक. मध्येच मावशीचा आवाज, आज पडदे धुवायला काढायचे का, असं काहीतरी.

"बांधाच्या टोकापर्यंत जातो आम्ही, आणि त्याच वाटेने परत," काकांचा आवाज हेडफोनबाहेरून आला. त्यांनी रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. "हे परतताना."

आता पाणी डाव्या कानात होतं. चप्पलही डाव्या कानात होती.

भाचीने डोळे उघडले.

"दोन्ही वेळा पाण्याकडे," काका म्हणाले. "टोकाला पोचलो की बोलता बोलता माझ्या मागून बाजू बदलते. तिला वाटतं, कळत नाही. जिला विहिरीचा रहाटसुद्धा लांबून दाखवावा लागायचा, ती. बांधाला कठडा नाही."

"म्हणजे तुम्हाला माहितेय, की तिला…"

"कान शाबूत आहेत माझे." ते तिच्या कानाकडे बघून हसले. "डॉक्टरला दाखवतो मी, चष्म्याच्या नावाखाली. मधलं गेलंय, कडा राहतील म्हणालेत. तिला सांगणार होतो. पण सांगितलं की काय होईल? आत्ता आम्ही फिरायला जातो. मग ती मला फिरवायला नेईल."

न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. अर्ध्यावर आल्यावर थांबलं.

"अक्षरं बारीकच होणार नाहीत, असं करून देता येईल काका. कायमचं. नवीन कार्ड बसवलं की झालं."

टोपीवरचे दोन माइक काका अंगठ्याने चाचपत राहिले.

"ते सकाळी होतंच," ते अखेर म्हणाले. "ते तेवढं राहू दे. पाखरांचं बघ काही."

म्हणून तिने कार्डाला हात लावला नाही. तिने एक छोटासा प्रोग्रॅम बसवला, ज्याचं काम एवढंच होतं, की मोठ्या अक्षरांत कुठलं चित्र कुठे होतं ते लक्षात ठेवायचं आणि पडद्याचं माप बदललं की ज्याला त्याला घरी पाठवायचं. मग काका सांगत गेले आणि तिने पक्षी बसवले. टिटवी माळावर, धोबी पायरीवर, पाणकोंबडी लव्हाळ्यात. पाणकावळ्याची पाळी आली तेव्हा तिने न विचारताच त्याला कोपऱ्यात नेलं.

दुपारी दादाचा फोन आला.

"काय निघालं? कॉम्प्युटर की बाबा?"

"चित्रं खरंच हलत होती, दादा. मी डोळ्यांनी पाहिलं. भास नव्हता. केलंय दुरुस्त."

"आणि बाबा?"

अंगणात मावशी पडदे वाळत घालत होती. काका दोरीचं दुसरं टोक धरून उभे होते आणि ओल्या कापडाआडून तिला काहीतरी सांगून हसवत होते.

"रविवारी ये ना. पहाटे त्यांच्याबरोबर बांधावर चल, आणि तू स्वतःच त्यांना विचार. पण गाडी रिकामी आण आणि रिकामीच ने."

दादा म्हणाला, "रंग उगीच दिला म्हणायचा खोलीला." पण आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुन्हा पंख्याची घरघर ऐकू आली. ती अंथरुणातच पडून राहिली. खुर्ची करकरली, माउस टेबलावर घासला, थोडी शांतता. मग मावशीचं एक बारीकसं "अगबाई," आनंदाने तोंडातून निसटलेलं.

त्या दिवशी तिघं निघाली. बांधावर धुकं इतकं दाट होतं, की तळं, वाट आणि आकाश यांच्यात काहीच शिवण उरली नव्हती. काका टोपी घालून मधोमध चालत होते. पाणी पायाशी कुठेतरी बोलत होतं. भाचीला ते बघायचं होतं, म्हणून ती सहज काकांच्या उजवीकडे झाली.

मावशीने तिचा दंड धरला आणि तिला हलकेच दुसऱ्या बाजूला सारलं.

"तिकडे निसरडं आहे ग," ती म्हणाली.

काका समोर धुक्याकडे बघत होते. मात्र त्यांचं उचललेलं पाऊल तेवढ्यापुरतं हवेत थबकलं होतं. उजव्या कानाशी चप्पल वाजू लागली, तेव्हाच ते पुढे पडलं.