आशेवरचा ऑप्टिओ

गाइडने पुढे केलेली उंच काठी सुदामरावांनी हातात घेतली आणि आपसूक टाचा जुळवल्या. सत्तरी उलटली तरी फौजेची सवय जाते कुठे?

बाड हॉम्बुर्गजवळच्या रोमन किल्ल्यात रविवारी सकाळी गर्दी बेताचीच होती. गाइडबाई जर्मनमध्ये सांगत होत्या आणि उज्ज्वल ते वडिलांना मराठीत सांगत होता.

"ही ऑप्टिओची काठी, बाबा. तुकडीवर सेंचुरियन आणि त्याच्या हाताखाली हा. हे नाव लॅटिनमधल्या 'निवडणं'वरून आलंय. सेंचुरियन आपला माणूस स्वतः निवडायचा."

"उभा कुठं राहायचा?"

"सगळ्यांच्या मागे. कोणी मागे सरला, की काठीने पुढे रेटायचा."

"म्हणजे आमचंच काम की."

काही ऑप्टिओ बढतीला लायक ठरत, पण जागा रिकामी होईपर्यंत थांबून राहत. इंग्लंडात अशा एकाचा स्मृतिदगड सापडला आहे. जहाज फुटून तो बुडून मेला. दगडावर कोरलं आहे, पदाच्या आशेवर असलेला ऑप्टिओ.

"मेल्यावर तरी सेंचुरियन लिहायचं," सुदामराव म्हणाले. "कोण तपासायला येणार होतं?"

"नाही लिहिलं."

सुदामरावांनी काठी परत केली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. संध्याकाळी एश्बॉर्नच्या हॉलमध्ये आंबेडकर जयंती होती. प्रमुख पाहुणे तेच, आणि ओळख उज्ज्वलच करून देणार होता. गावात बावीस वर्षं सगळे त्यांना सुभेदार म्हणत. दारावरच्या पाटीवरही तेच. पहिल्यांदा कोणीतरी आदराने म्हटलं आणि त्यांनी खोडून काढलं नाही, एवढाच काय तो गुन्हा. पण बाबासाहेबांच्या फोटोसमोर पोराच्या तोंडून ते ऐकायचं म्हणजे फार झालं.

"उज्ज्वल, मी सुभेदार नव्हतो रे. नायब सुभेदारीच्या यादीत नाव होतं. ऑर्डर यायच्या आत रिटायर झालो."

उज्ज्वल शेजारी बसला. खिशातून त्याने भाषणाचा घडी घातलेला कागद काढला.

"तुमच्या व्हिसाला पेन्शनचे कागद मीच जोडले होते ना, बाबा."

कागदावर टाइप केलं होतं, 'आजचे प्रमुख पाहुणे'. पुढे बोटभर कोरी जागा, आणि मग 'सुदाम गणपत वाघमारे'.

सुदामरावांनी ते दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि सावकाश लिहिलं, 'हवालदार'.

जागा बरोबर पुरली.