पावात लपवलेलं गणित

मेनाला मी आठव्या वर्षी शाळेतून काढलं, आणि ते अगदी ताठ मानेने काढलं. तिच्या वर्गात रोज सकाळी सगळ्यांना उभं करायचे. बाई पाढ्यातलं काहीतरी विचारायच्या, बरोबर सांगेल तो खाली बसायचा. बाकीची पोरं भराभर बसायची आणि माझी मुलगी उभी. दोन महिन्यांत ती सकाळी गाडीजवळ ओकायला लागली. तिसऱ्या महिन्यात मी शिक्षण खात्याला अर्ज करून मोकळी झाले.

सरहद्दीपलीकडच्या जर्मनांना घरी शिकवायची परवानगीच नाही. आमच्याकडे आहे, पण दरवर्षी जूनमध्ये मुलाने परक्या शाळेत जाऊन परीक्षा द्यायची. नापास झालं की सप्टेंबरपासून मुकाट्याने शाळा. पहिलं वर्ष मेना काठावर निभावली. दुसऱ्या वर्षी तिसरीचं गणित होतं, आणि पंधरातून आठ गेले म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे.

मी स्वतः जमीनमोजणीच्या कचेरीत अर्धवेळ काम करते. आकडे मला लहानपणापासून प्रिय. एखाद्याला आकडे आवडत नाहीत म्हणजे त्याला ते नीट वाढलेले नाहीत, एवढंच माझं म्हणणं. तेव्हा मी ठरवलं की गणित समोर आणायचंच नाही. कडू गोळी जॅममध्ये घालून देतात, तसं द्यायचं. पुस्तकं माळ्यावर टाकली, वह्या दिल्या फेकून, आणि घरभर गणित लपवून ठेवलं.

शनिवारी आम्ही वेणीचा पाव करायचो. तीन पेडांची वेणी मेना माझ्यापेक्षा सुरेख घालते. मी म्हणायचे, "एका पावाला तीन पेड, तर चार पावांना किती गं?" ती सांगायची. मग मी पीठ विचारायचे, मग दूध. डोंगरावर फिरायला गेलो की पावलं मोजायचो आणि किती उरली ते वजा करून काढायचो. सफरचंदाचा केक कापला की मी तिचा तुकडा हातात धरून ठेवायचे, "आता ताटलीत कितवा हिस्सा उरला?" उत्तर आलं की तुकडा मिळायचा. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. घरी शिकवणाऱ्या आयांची महिन्यातून एकदा बैठक असते, तिथे मी हे सगळं रंगवून सांगायचे आणि बायका लिहून घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात मेना पाव करायला येईनाशी झाली. हात दुखतात म्हणाली. मी म्हटलं, वाढीचं वय आहे. मग डोंगर नको झाला, बूट चावतात म्हणून. नवे बूट आणले, तेही चावले. केक पुढे केला तर "भूक नाही" म्हणायची, ही मुलगी, जी पूर्वी बोटांनी ताटली पुसून खायची. मार्चमध्ये ती बराच वेळ घरामागच्या लाकडांच्या ढिगावर नुसती बसून राहायला लागली. मी खिडकीतून पाहायचे. एकदा मी बाहेर गेले, शेजारी बसले, आणि देवाशपथ सांगते, मला फक्त तिच्याशी बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं, "एका रांगेत किती ओंडके आहेत गं?"

ती उठली आणि आत गेली. त्यानंतर ती लाकडांवरही बसली नाही.

माझा नवरा कास्पार पहाटे ऱ्हाईन नदी ओलांडून स्वित्झर्लंडच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी दमून येतो. त्याला मी म्हटलं, "मेना अलीकडे गप्प असते." तो म्हणाला, "तू असल्यावर दुसऱ्याला बोलायला जागा कुठे असते?" तो थट्टेत म्हणाला, मीही हसले, आणि विषय तिथेच संपला.

एक गोष्ट तेवढी शिल्लक होती. रविवारी दुपारी माझे वडील, गेबहार्ट, यायचे. जेवणात चीजची क्नॉप्फले, म्हणजे उकडलेले पिठाचे बारीक गोळे, वर परतलेला कांदा, आणि मग मागच्या खोलीत दार लावून आजोबा-नातीचा पत्त्यांचा डाव. आमच्याकडचा यास. त्यात हुकमाचा गुलाम वीस गुणांचा, हुकमाची नव्वी चौदाची, एक्का अकराचा, राजा चारचा. मी कधी त्या खोलीत जात नसे, कारण बाबा पाइप ओढतात आणि मला तो वास सहन होत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी दाराबाहेरच्या कपाटातून चादरी काढत होते. आतून बाबांचा आवाज आला, "थांब थांब, मोजू दे मला."

"काय मोजतोस, आजोबा? मला एकोणनव्वद झाले, म्हणजे तुला अडुसष्ट. हरलास."

"एवढ्यात कसं सांगतेस? म्हातारे, लबाडी करतेस तू."

"मोज ना मग. बस मोजत."

बाबा पुटपुटत मोजत राहिले. अडुसष्टच निघाले. मी चादरी छातीशी धरून तिथेच उभी होते. एका डावात एकंदर एकशे सत्तावन्न गुण असतात. त्यातून एकोणनव्वद वजा करायला मला क्षणभर लागला असता. आणि ही माझी मुलगी, पंधरातून आठ गेले की रडणारी, हसत हसत आजोबांना चिडवत होती. मला रडूच आलं. दार उघडून तिला मिठी मारली असती, तर तेवढ्यावर भागलं असतं.

सोमवारी सकाळी ती न्याहारीला आली तेव्हा टेबलावर पत्ते मांडलेले होते. रात्री बसून मी तक्ता केला होता: एका रकान्यात पानं, दुसऱ्यात गुण, तिसरा मोकळा, तिने भरायचा. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, "मेनाचा यास". मी म्हटलं, "बघ, तुला सगळं येतं. तुला ठाऊकच नव्हतं की हे गणित आहे."

मेनाने पत्त्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बरीच माणसं जमिनीच्या वादात हरताना पाहिली आहेत. कागद आला, कुंपण सरकलं, आता बोलून उपयोग नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मला दिसूनही मी म्हटलं, "गुलाम, नव्वी, एक्का आणि राजा एका हातात आले तर?"

"एकोणपन्नास," ती म्हणाली आणि पेन उचललं. तिने सगळा तक्ता भरला. एकही चूक नव्हती.

पुढच्या रविवारी बाबा आले, खिशातून पत्ते काढले. मेना म्हणाली, "आजोबा, आज पोट दुखतंय." त्याच्या पुढच्या रविवारीही दुखलं. तिसऱ्या रविवारी बाबा स्वयंपाकघरात आले. मी भांडी घासत होते. त्यांनी विझलेला पाइप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता माझ्या पत्त्यांवरही डल्ला मारलास?"

"बाबा, तिला ते येतं. तुम्हाला कळतंय का, तिला येतं."

"मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. मी कुणाला सांगितलं?"

"सांगायला हवं होतं."

"का? तू त्याचं काय केलंस ते दिसतंय ना." ते खाली बसले. "ती माझ्याशी बोलायची गं. पानं वाटता वाटता बोलायची. काय काय सांगायची. आता कोपऱ्यात बसून मी कधी निघतो याची वाट बघते."

मला राग आला. राग आला की मी फार मुद्देसूद बोलते, ही माझी वाईट खोड. मी म्हटलं, "चार आठवड्यांनी परीक्षा आहे. नापास झाली तर ते तिला परत त्या शाळेत उभं करतील. तेव्हा तुम्ही येणार आहात का सकाळी तिचं डोकं धरायला? जून होऊ दे, मग खेळा हवं तेवढं."

"जूनपर्यंत काही उरलं तर," बाबा म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. मी उरलेली भांडी घासली. ते खरं बोलत होते हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मला भीती वाटत होती, आणि भीतीपुढे माझं शहाणपण चालत नाही. मी तक्ते चालूच ठेवले. वर परीक्षेच्या अर्जाला दोन पानी पत्र जोडलं: आमच्या घरी गणित कसं खेळातून शिकवलं जातं, मुलगी यास किती तयारीने खेळते वगैरे.

परीक्षा जूनमधल्या एका सोमवारी होती, खालच्या गावातल्या शाळेत. परीक्षक बेरॉयटरबाई साठीच्या, बुटक्या, गळ्यात चष्मा लोंबणाऱ्या. मला मागच्या बाकावर बसू दिलं, एका अटीवर, तोंड उघडायचं नाही. मेनाने वाचन केलं, निबंध लिहिला, फुलपाखराबद्दल सांगितलं. सगळं व्यवस्थित झालं. मग गणिताचा कागद.

अर्ध्या तासाने बाईंनी तो तपासायला घेतला. एका बाजूला नुसती उदाहरणं होती, ती सगळी बरोबर. दुसऱ्या बाजूला शाब्दिक उदाहरणं होती, ती बाजू कोरी. "ही राहिली का गं?" बाईंनी विचारलं.

"मला येत नाहीत."

"चल, एक मिळून करू. आजीने केक केला, त्याचे आठ तुकडे…"

"मला येत नाही," मेना म्हणाली. आवाज शांत होता. हात मांडीखाली दाबलेले होते.

बाईंनी कागद पालथा घातला. चांगल्या मनाची बाई. तिला खरंच या मुलीला पास करायचं होतं. एवढी बाजू कोरी राहिली तर पास करता येणार नव्हतं, हे मला मागून कळत होतं. तिने खणातून पत्त्यांचा जोड काढला आणि हसून म्हणाली, "आईने लिहिलंय, तू पट्टीची यास खेळणारी आहेस. ये, एक डाव टाकू. तू गुण मोज, तेवढ्यावर मी समजून घेते."

मेनाने वळून माझ्याकडे पाहिलं. मग ती बाईंना म्हणाली, "मला हा खेळ येत नाही."

"येत नाही?"

"नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी, जी वाण्याच्या दुकानात अनोळखी माणसाचीही चूक सुधारते, ती माझी मुलगी धडधडीत खोटं बोलताना बाकाची कड धरून गप्प बसले. दोन वर्षांची खटपट एका वाक्यात बुडत होती, आणि तरी गप्प बसले. तिच्या शिक्षणात मी केलेली तेवढीच एक बरी गोष्ट असेल.

बेरॉयटरबाईंनी जरा विचार केला. मग पत्ते खणात ठेवले, कोरा कागद घेतला आणि शाब्दिक उदाहरणांतले आकडे तेवढे उतरवून काढले. केक नाही, आजी नाही, बाजार नाही. मेनाने हात मांडीखालून काढले आणि सगळी उदाहरणं एका दमात सोडवली.

"तुला गोष्टी आवडत नाहीत का गं?" बाईंनी सही करता करता विचारलं.

"आवडतात," मेना म्हणाली. "म्हणूनच."

बाई हसल्या. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. पास झाल्याचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला, आणि पार्किंगमध्ये मी खुळ्यासारखी रडले. गाडीत बसल्यावर म्हटलं, "सुटलो गं बाई. आता आणखी एक वर्ष घरी. तू म्हणशील तसं करू."

"मग मी सप्टेंबरपासून शाळेत जाऊ?"

मी किल्ली फिरवली नाही. "कुठल्या शाळेत?"

"आपल्याच."

"अगं, तिथे ते उभं करतात ना सकाळी. विसरलीस?"

"नाही विसरले." ती पट्टा लावत होती. "पण ते साडेआठला संपतं. मग बाकीचं सगळं नुसतंच असतं."

"नुसतंच म्हणजे?"

"म्हणजे त्यात काही नसतं. घरी आल्यावर पाव असतो, तो पावच असतो."

मी तिला वचन दिलं की उद्यापासून काहीही विचारणार नाही; तक्ते जाळीन, पुस्तकं माळ्यावरून काढीन, रोज एक तास टेबलावर, आणि मग संपलं.  एखादी नोकरी हातची जाताना माणूस बोलतं तशी मी बोलत होते. मेनाने सगळं ऐकून घेतलं.

"तुला नाही जमणार, आई," ती म्हणाली. तिने ते प्रेमाने म्हटलं, माझी समजूत घातल्यासारखं, आणि मला वाटलं, हिने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी गाडी सुरू केली. घाटाचा रस्ता लागेपर्यंत मेना मांडीवर पुस्तक उघडून वाचत होती. मला वाईट वाटलेलं तिला दिसू द्यायचं नव्हतं. दप्तर लागेल, बूट लागतील, बाईंना आधी भेटायला हवं, असल्या गोष्टी मनात मांडत होते. तेवढ्यात विचारलं, "शाळा सुरू व्हायला किती आठवडे आहेत गं?"

मेनाने पुस्तक मिटलं आणि ताठ बसली. ओठ हलले.

"बारा," ती म्हणाली. "बरोबर?"

"अगं, मी तसं नाही विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं."

"बाराच आहेत," मेना म्हणाली, आणि मी पुढचं विचारीन म्हणून माझ्याकडे बघत राहिली.